अपयशाची धास्ती आणि खचलेले मन

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, वर्धा नदीच्या काठाने पसरलेल्या आष्टी तालुक्यात पीक बुडाले म्हणजे त्याची नोंद होते. खरिपाची पैसेवारी, जिला जुनी माणसे अजूनही आणेवारीच म्हणतात, आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि वर्षअखेरीस अंतिम अशा तीन पायऱ्यांनी ठरते. गारपीट झाली तर तलाठी पंचनामा करतो, रानडुकरांनी तूर लोळवली तर वनखात्याकडे अर्ज जातो, हप्ता चुकला तर बँकेच्या खात्यावर थकबाकी चढते व मुदत टळताच नोटीस निघते, आणि जमीन हातची गेलीच तर फेरफार होऊन सातबाऱ्यावरचे नाव बदलते. शेतीच्या अपयशाची इतक्या बारकाईने दखल घेणाऱ्या या दप्तरात, ते अपयश सोसणाऱ्या माणसाचे मन कधी खचू लागले आणि किती खचले, यासाठी मात्र रकाना नाही. त्याची विचारणा होते ती एकदाच, आणि तीही सारे संपून गेल्यावर. शेतकऱ्याने आत्महत्या केली असता वारसांना एक लाख रुपयांचे साहाय्य द्यावयाचे किंवा नाही हे ठरविण्यासाठी चौकशी बसते, कर्ज कोणाचे होते, वसुलीचा तगादा होता काय, नापिकी होती काय, याचे कागद जोडले जातात, आणि प्रकरण ‘पात्र’ अथवा ‘अपात्र’ ठरते. तो माणूस हयात असताना, रात्र रात्र जागा असताना, त्याला कोणी शेजारी बसवून काही विचारले होते काय, हा प्रश्न त्या कैफियतीत येत नाही. पुढील पाने त्या प्रश्नासाठी लिहिली आहेत.

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांची नावे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर पोचली त्याला आता बरीच वर्षे लोटली. 2006 साली पंतप्रधान या भागात येऊन गेले, 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली, व्याजमाफी, सिंचन आणि बियाणे यांची तजवीज झाली. ती तजवीज पुरेशी होती की अपुरी, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे आणि त्यावर अधिकारी पुरुषांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु त्या साऱ्या चर्चेत माणसाचे मन हे एक तर कर्जाच्या आकड्याचे केवळ प्रतिबिंब मानले गेले, नाही तर व्यसन वा भांडण अशा एखाद्या शब्दाखाली झाकून टाकले गेले. वस्तुतः मनाला स्वतःचे असे आजार असतात, त्यांना स्वतःची चाल असते, आणि ते केवळ शेतकऱ्यांनाच होतात असेही नाही. ते दहावीतल्या मुलीला होतात, बाळंतपणानंतर माहेरी आलेल्या लेकीला होतात, निवृत्त गुरुजींना होतात, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात चार वर्षे काढून परतलेल्या तरुणाला होतात, आणि ज्याचे सर्व काही सुरळीत चालले आहे असे सारा गाव समजतो अशा दुकानदारालाही होतात. देशाच्या 2015–16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने असे दाखविले की, दर वीस प्रौढांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा विकार गाठतो, आणि त्या विकाराने ग्रस्त असलेल्या शंभरातील सुमारे पंचाऐंशी जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आष्टीसारख्या तालुक्यात, जिथून वर्ध्याला जाऊन यावयाचे म्हणजे कामाचा एक संपूर्ण दिवस आणि मजुरी मोडते, तिथे ही दरी याहून अरुंद असेल असे मानण्यास काही आधार नाही.

‘मला नैराश्य आले आहे’ असे आठवडी बाजारात किंवा तळेगावच्या थांब्यावर कोणी बोलताना आढळावयाचे नाही. लोक सांगतात ते वेगळ्याच भाषेत. ‘कशातच जीव लागत नाही भाऊ’, ‘डोक्यात नुसता इचार इचार सुरू राह्यते’, ‘अंगात ताकदच उरली नाही’. आणि बायाबापड्या सांगतात, ‘माय, पोटात गोळा येते, छाती धडधड करते, अन् मंग रातभर झोपच लागत नाही’. ही माणसे प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात ती डोकेदुखी, कंबरदुखी, अशक्तपणा घेऊन. सलाईन लावून घेतात, दोन दिवस बरे वाटते, आणि पुन्हा तेच. त्यात या भागातील एक विशेष असा की, झोप उडाल्याची तक्रार इथे सहज लपून जाते, कारण रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखावयाचे म्हणून निम्मा गाव हंगामभर जागलीला शेतात असतो. आणि जो माणूस पिकाच्या काळजीने नव्हे तर मनाच्या काहुराने जागा आहे, तो आपल्या मचाणावरून कोणाच्याही ध्यानात येत नाही.

या विकाराची पारख करण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक साधी प्रश्नावली आहे. तीत नऊ प्रश्न आहेत, आणि ते सारे गेल्या दोन आठवड्यांविषयीचे आहेत. कामात रस वाटेनासा झाला काय, मन उदास असते काय, झोप कमी वा अधिक झाली काय, थकवा येतो काय, भूक बिघडली काय, चित्त एकाग्र होत नाही काय, हालचाल मंदावली किंवा अस्वस्थ येरझारा वाढल्या काय, जगण्यापेक्षा मरण बरे असे मनात येते काय, असे ते आठ प्रश्न. आणि त्यांच्या मध्यभागी, सहाव्या क्रमांकावर, एक प्रश्न असा की, आपण अपयशी आहो, आपण स्वतःचा किंवा घरच्यांचा मुखभंग केला आहे, असे तुम्हांस वाटते काय. या प्रश्नाचे तेथे असणे मला फार महत्त्वाचे वाटते, आणि या लेखनात मला जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ तेथेच आहे. आपण सामान्यतः असे समजतो की, अपयश आधी येते आणि त्यातून नैराश्य उपजते. ते कित्येकदा खरेही असते. परंतु ‘मी अपयशी आहे’ ही भावना हे नैराश्याचे केवळ कारण नसून त्याचे लक्षणही आहे. ज्याप्रमाणे ताप हे हिवतापाचे लक्षण आहे त्याचप्रमाणे. ती भावना परिस्थितीचा निःपक्षपाती अहवाल नव्हे. आजारी मन ती निर्माण करते, आणि मग तिला पुरावे जमविते, ज्यात दोन एकरांवरची बोंडअळी, मुलीचे लांबलेले लग्न, वीस वर्षांपूर्वी वडिलांशी झालेली बोलाचाली, असे सारे एकाच फिर्यादीत दाखल होते. ज्याला हा भेद उमगला त्याच्या हाती एक मोठी गोष्ट आली, कारण त्याला आता आपल्या मनाने स्वतःविरुद्ध दिलेल्या निकालावर अपील करता येते.

याचा एक ख्यातनाम दाखला परदेशातला आहे. आगरकरांच्या पिढीने ज्याचे ग्रंथ श्रद्धेने वाचले त्या जॉन स्टुअर्ट मिलला वयाच्या विसाव्या वर्षी, 1826 च्या शरद ऋतूत, अशाच काळोखाने घेरले. त्याचे काहीही बिघडलेले नव्हते. कर्ज नव्हते, नापिकी नव्हती, विद्वत्तेची वाहवा होत होती. त्याने स्वतःला एवढेच विचारले की, आपण ज्या सुधारणांसाठी झटतो आहोत त्या साऱ्या याच क्षणी घडून आल्या तर आपण सुखी होऊ काय, आणि आतून उत्तर आले की नाही. त्यानंतर कित्येक महिने तो यंत्रासारखा काम करीत राहिला आणि कोणाजवळ बोलला नाही, कारण वडिलांना हे समजणार नाही अशी त्याची खात्री होती. पुढे एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना त्याला रडू आले आणि तेथून त्याचे मन सैल होऊ लागले. वर्ड्‌स्वर्थच्या कवितांनीही त्याला आधार दिला. हे सारे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. लंडनमधील त्या तरुणाची आणि साहूरच्या एखाद्या कास्तकाराची परिस्थिती सर्वस्वी भिन्न आहे. पण कोणाजवळ बोलावयाचे नाही, घरच्यांना कळणार नाही, ही समजूत मात्र तीच.

आता अपयशाच्या धास्तीकडे वळू, कारण दैनंदिन जीवनात तिचाच अंमल अधिक चालतो. ही धास्ती अपयशाहून वेगळी असून बहुधा तिच्यापायीच अपयश वाढते, आणि ते कसे वाढते हे नीट पाहण्यासारखे आहे. बँकेचे पाकीट आले. ते उघडले तर छातीत धस्स होईल म्हणून ते कोनाड्यात ठेवले. ठेवताक्षणी खरोखरच थोडे हलके वाटले. दुसऱ्या वेळी बँकेच्या रस्त्याने जावयाचे टाळले, पुन्हा हलके वाटले. मग ज्या लग्नात सोसायटीचे सचिव भेटतील ते लग्न टाळले, मग चौकातला चहा सुटला, मग मागच्या वाटेने शेतात जाणे सुरू झाले, आणि शेवटी शेतही सुटले. प्रत्येक टाळाटाळीला क्षणाची विश्रांती हे बक्षीस मिळते, आणि त्या बक्षिसामुळेच मन पुढची टाळाटाळ शिकते. माणसाचे जग मात्र दर आठवड्यास थोडेथोडे आखडत जाते. इकडे व्यवहार थांबत नाही. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली आणि शासनाने टंचाई जाहीर केली म्हणजे जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जवसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी, अशा काही सोयी लागू होतात. पण ज्याने चार महिने पाकीटच उघडलेले नाही आणि ज्याला तलाठी दिसला तरी धडकी भरते, त्याला या सोयींचा पत्ता लागतो तो मुदत गेल्यावर. मला वाटते, व्याजाच्या दरापेक्षाही या न उघडलेल्या पाकिटांनी आपली माणसे अधिक नाडली आहेत.

विद्यार्थ्यांचेही असेच. 2015 पासून दहावीला अनुत्तीर्ण झालेल्या मुलांची फेरपरीक्षा त्याच वर्षी जुलैत घेण्यास प्रारंभ झाला आणि त्यामुळे वर्ष वाया न जाता पुढे जाण्याची वाट मोकळी झाली. ही व्यवस्था फार उपकारक आहे. परंतु निकालाच्या दिवशी ज्या मुलाने घरात तोंड लपविले आणि पंधरा दिवस कोणाशी शब्द काढला नाही, त्याचा अर्ज भरून घेण्यासाठी कोणी तरी त्याच्या खोलीपर्यंत जावे लागते. ते जाणे शिक्षण मंडळाचे काम नव्हे. ते मामाचे, वर्गशिक्षकाचे, शेजारच्या दादाचे काम आहे. आणि जो मुलगा पुण्याहून वा नागपुरातून पूर्वपरीक्षेच्या तीन याद्यांत नाव न आल्यामुळे परतला, त्याला ‘मग आता काय करतोस?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारणारे लोक दुष्ट नसतात. तथापि या प्रश्नाने त्याचे पारावर येणे बंद होते, हे त्यांनी जाणले पाहिजे.

आष्टी, कारंजा, वरुड, मोर्शी या पट्ट्यातील संत्रा बागायतदाराला ताणाविषयी कोणी शिकवावे लागत नाही. आंबिया बहार धरावयाचा म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आणि मृग बहार धरावयाचा म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस, तो झाडाचे पाणी तोडतो. जमीन हलकी की भारी, झाडाचे वय किती, गेल्या साली फळांचा भार किती होता, हे पाहून तो ताणाचे दिवस ठरवितो, पानांची कळा रोज न्याहाळतो, आणि वेळ होताच हलक्या पाण्याने ताण तोडतो. ताणाशिवाय बहार फुटत नाही हे तो जाणतो, आणि ताण लांबला तर पानगळ होऊन झाडच वाळते हेही तो जाणतो. याच माणसाला आपल्या मुलाविषयी, भावाविषयी, स्वतःविषयी मात्र असे वाटते की, ताण जितका अधिक तितका माणूस खंबीर होतो. परीक्षेच्या आधी चार रात्री झोप न येणे आणि चार महिने झोप न येणे या दोहोंत जे अंतर आहे ते त्याने आपल्या बागेतल्या अनुभवावरून सहज ओळखावे अशी माझी अपेक्षा आहे, आणि पुढील प्रकरणांत ठिकठिकाणी त्याच अनुभवाला हाक दिली आहे.

आष्टी गावाविषयी लिहिताना 16 ऑगस्ट 1942 हा दिवस टाळता येत नाही, आणि टाळूही नये. त्या नागपंचमीला लोकांचा जमाव तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, सहा जण धारातीर्थी पडले, संतप्त लोकांनी ठाण्यावर हल्ला केला व त्यात पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरला असाच उठाव झाला. पुढे धरपकड, खटले, फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनाही त्याच महिन्यात अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहावे लागले. आष्टीला लोक ‘शहीद’ हे उपपद लावतात ते यामुळे, आणि तो अभिमान रास्तच आहे. पण अशा अभिमानाच्या छायेत वाढणाऱ्या तरुणावर नकळत एक ओझे येते: ज्या गावाने गोळीपुढे छाती केली त्या गावाच्या पोराने बँकेच्या साहेबाला, परीक्षेच्या निकालाला, सासऱ्याच्या बोलण्याला भ्यावे हे त्याला लाजिरवाणे वाटते, आणि भीतीची लाज ही भीतीहून अधिक पोखरते. त्याला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. त्या दिवशी जे ठाण्याकडे निघाले ते एकएकटे निघाले नव्हते. खांद्याला खांदा होता, मुखात एक घोष होता. अंथरुणावर पडून आढ्याकडे पाहत राहणाऱ्या माणसाजवळ यातले काहीच नसते, म्हणून त्याच्या धैर्याचे माप त्या मापाने घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. दुसरी गोष्ट अशी की, 1942 च्या अखेरीस कोणी त्या उठावाचा हिशेब मांडला असता तर तो निव्वळ अपयशाचाच निघाला असता. ठाणे सरकारचेच राहिले होते, घरातले कर्ते पुरुष तुरुंगात होते, आणि मागे राहिलेल्या स्त्रियांनी शेती, लेकरे आणि पोलिसांचा जाच अशा तिन्ही आघाड्या सांभाळल्या. त्या स्त्रियांच्या मनावर काय बेतले असेल हे कोणत्याही स्मारकावर कोरलेले नाही. त्यांची आठवण या विषयाच्या संदर्भात मला अधिक जवळची वाटते.

आपल्या परंपरेला हा विषय नवा नाही. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषाद अग्रगण्य होय, असे चरकाने म्हटले आहे, आणि गीतेचा पहिला अध्याय तर अर्जुनाच्या विषादाचाच आहे. हातपाय गळणे, तोंडास कोरड पडणे, मन भ्रमणे ही त्याची लक्षणे आजच्या कोणत्याही वैद्याला ओळखीची वाटतील. देहूच्या तुकोबांचे सावकारी-वाण्याचे दुकान 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात बुडाले, दिवाळे निघाले, पत्नी अन्नावाचून गेली. आणि नंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली असे परंपरा सांगते. हे दाखले उभारी देतात यात शंका नाही. पण त्यांचा उपयोग करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पवनारच्या विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आज आपल्याला वाचावयास मिळतात. विषादावरचे ते अमोल विवेचन ज्यांच्या लेखणीतून कागदावर उतरले त्या गुरुजींच्या कोमल मनाला विषादाने अखेरपर्यंत सोडले नाही, आणि 11 जून 1950 रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली. ज्ञान, भक्ती, सेवा, लोकांचे अपार प्रेम यांपैकी कशाचीही त्यांना वाण नव्हती. म्हणून खचलेल्या माणसास ‘गीता वाच’, ‘नामस्मरण कर’, ‘मन खंबीर ठेव’ असा उपदेश करून जो कर्तव्यमुक्त होतो, त्याने गुरुजींचे स्मरण करावे. धर्मग्रंथ सोबतीला असावेत. ते वैद्याच्या जागी बसवू नयेत.

तुकडोजी महाराजांच्या एका उपक्रमाचा मात्र मी येथे वेगळा निर्देश करीन. नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात मोझरीला, 1935 साली त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि सामुदायिक प्रार्थनेचा परिपाठ घालून दिला. या पट्ट्यातील अनेक गावांत ती प्रार्थना अजून होते. तिच्या आध्यात्मिक फलाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण ठरल्या वेळी, ठरल्या जागी, रोज तीच माणसे एकत्र बसतात तेव्हा आज कोण आले नाही हे आपोआप कळते, आणि सलग आठ दिवस न आलेल्याच्या घरी एकाने जाऊन यावे एवढा नेम त्या मंडळींनी केला तर त्या गावात मानसिक आरोग्याचे निम्मे काम उभे राहिले असे मी समजेन. भजनी मंडळ, महिला बचत गट, दूध संकलन केंद्र यांनाही हे लागू आहे.

असे साध्या माणसांनी केलेले काम खरोखर उपयोगी पडते काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात मिळाले आहे. तेथील 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. गावातल्याच माणसांना समुपदेशनाचे प्राथमिक शिक्षण देऊन, गरज पडेल त्याला डॉक्टरांकडे पोचवावयाचे, अशी त्याची रीत होती. आरंभी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण उपचार घेत होते. दीड वर्षाने ते प्रमाण सत्तावीसवर गेले, आणि गावांतील नैराश्याचे प्रमाण 14.6 टक्क्यांवरून 11.3 टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. झिंबाब्वेच्या हरारे शहरात तर डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून दवाखान्याबाहेरच्या बाकावर आजीबाईंना बसविले, आणि त्या आजीबाईंच्या बोलण्याने रुग्णांना कितपत गुण येतो याची रीतसर चाचणी होऊन अनुकूल निष्कर्ष निघाले. आपल्या राज्यातही 2015 साली विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला. आशाताईंनी घरोघर पाहणी करावी आणि लक्षणे दिसतील त्यांस आरोग्य केंद्राकडे न्यावे ही त्यातली योजना. वर्धा जिल्हा त्यात होता. योजना उत्तम होती असे माझे मत आहे. तिचे यश मात्र आशाताईवर आधीच लादलेल्या कामांचे ओझे किती आणि तिला मोबदला वेळेवर मिळतो काय यावर अवलंबून राहणार, हे कोणाही अंमलदाराने विसरू नये.

उपचाराच्या पद्धतींपैकी जिचा या पुस्तकात सर्वांत अधिक विस्तार केला आहे ती फार साधी आहे. आपण समजतो की, मनाला उभारी आली म्हणजे माणूस काम करू लागेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सोन आणि त्यांच्या मागून आलेले अभ्यासक यांनी हा क्रम उलटा करून पाहिला: आधी अगदी लहानसे काम, आणि त्यामागून, पुष्कळ उशिराने, उभारी. म्हणून पहिल्या दिवशी उठून अंगणात दात घासावयाचे एवढेच ठरवावे. दुसऱ्या दिवशी बैलाला पाणी दाखवावे. तिसऱ्या दिवशी बांधापर्यंत जाऊन यावे, पीक पाहिलेच पाहिजे असे नाही. आठवड्याने ते पाकीट कोणा विश्वासू माणसाला बरोबर घेऊन उघडावे, उत्तर त्याच दिवशी दिलेच पाहिजे असे नाही. बरे वाटले की नाही हे त्या दिवशी विचारू नये. केले की नाही एवढेच विचारावे. घरच्यांनी या क्षुल्लक वाटणाऱ्या कामांची थट्टा केली तर सारा डाव मोडतो, आणि म्हणून घरच्यांसाठी वेगळे प्रकरण लिहिले आहे.

औषधांविषयी गावोगाव गैरसमज आहेत. नैराश्यावरच्या गोळ्यांची नशा होत नाही. त्यांचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा दोन महिन्यांनी फरक पडला म्हणून, त्या आपल्या मनाने बंद करणे ही या भागातील नित्याची शोकांतिका आहे. ज्याच्या बोलण्यात मरणाचा विषय येऊ लागला त्याला स्पष्ट विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा समज खोटा आहे, उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. अशा घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली शेजारी द्यावी. श्रीलंकेने 1995 पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले, कारण तो क्षण टळला तर बहुतेक माणसे जगतात. कायद्याची धास्तीही आता उरलेली नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा प्रयत्नातून वाचलेल्यास गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालील माणूस मानले आहे आणि त्याच्या शुश्रूषेची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. मनाच्या उपचाराविषयी लिहिले म्हणजे कापसाचा भाव, संत्र्याची फळगळ, अप्पर वर्धा धरणाच्या फुगवट्यात गेलेल्या जमिनी, वन्य प्राण्यांची नासधूस या प्रश्नांवर पडदा टाकला असे कोणी समजू नये, आणि तसा उपयोगही कोणी करू नये. भाव मागणारा शेतकरी मनोरुग्ण नाही. परंतु भाव मिळेपर्यंत, न्याय मिळेपर्यंत, तो माणूस घरच्यांना हवा आहे, आणि तोपर्यंत त्याला धरून ठेवण्याची विद्या आपल्याला आली पाहिजे. ज्याचे मन शाबूत आहे तोच अर्ज लिहितो, मोर्चात येतो, पीक विम्याच्या कंपनीशी भांडतो.

हे पुस्तक मी आशाताई, शिक्षक, ग्रामसेवक, सोसायट्यांचे सचिव आणि घरातल्या थोरल्या बायका यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. त्यांनी ते मार्चअखेरच्या वसुलीपूर्वी, निकालांच्या दिवसांपूर्वी आणि पेरणी उलटल्यावर, अशा तीन वेळा चाळावे, कारण माणसे मुख्यतः त्या दिवसांत खचताना मी पाहतो. ज्या वाचकाला ही प्रस्तावना वाचता वाचता स्वतःचीच लक्षणे ओळखू आली असतील, त्याने मात्र पुढील प्रकरणे क्रमाने वाचीत बसू नये. घरातल्या किंवा गावातल्या एका माणसाला आजच सांगावे, आणि ते सांगणे जड वाटत असेल तर 14416 या टेलिमानस सेवेच्या क्रमांकावर फोन करावा; ही सेवा शासनाची आहे, रात्रंदिवस चालू असते, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. पुस्तक नंतर वाचता येईल.